जुन्या पिक्सेलची नवी बखर : रेट्रो खेळांची दृश्ये कशी घडतात?

१/२७
आजचे साधे ग्राफिक्स कार्डही सेकंदाला कोट्यवधी पिक्सेल रंगवते. तरीही दरवर्षी असे अनेक व्हिडिओ गेम प्रसिद्ध होतात, ज्यांतील माणसे ठोकळ्यांची, भिंती थरथरणाऱ्या आणि रंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. हे ओबडधोबड रूप परिश्रमपूर्वक घडवलेले असते. यंत्राला जे सहज जमते, ते त्याला करू न देण्यासाठी स्वतंत्र प्रोग्राम लिहावा लागतो. जुन्या यंत्रांचे दोष नव्या गेम इंजिनात कसे उतरवले जातात आणि उतरवताना इतिहासाचे काय होते, हा या थ्रेडचा विषय.

२/२७
मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला साधनांचा एक भेद पहिल्याच वर्षी शिकवला जातो : अस्सल कागद आणि बखर. कागद घटनेच्या वेळी, कामापुरता लिहिला जातो. बखर नंतर, आठवणींच्या आधारे आणि कोणाच्या तरी इच्छेने लिहिली जाते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कठोर झडती घेतली होती. रेट्रो खेळाचे दृश्य पाहताना हाच प्रश्न विचारता येतो : समोर आहे तो कागद की बखर? उत्तरासाठी पिक्सेलच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

३/२७
१९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. चित्राची जाळी होती १७६ × १७६ ठिपक्यांची. संगणकाने स्कॅन केलेले हे जगातील पहिले छायाचित्र मानले जाते. त्याहून मोठ्या जाळीसाठी त्या संगणकाची स्मृती अपुरी होती. ठिपका चौकोनी असावा हा निर्णयही सोयीचा होता. उत्तरायुष्यात किर्श यांना तो खटकत राहिला आणि ऐंशी वर्षांचे झाल्यावरही ते चौकोनाऐवजी वेगवेगळ्या आकारांचे पिक्सेल वापरण्याच्या पद्धतीवर काम करत होते. ज्या चौकोनाला आज 'रेट्रो'चे बोधचिन्ह मानतात, त्याच्या जनकालाच तो समाधानकारक वाटला नव्हता.

४/२७
आता १९८३ च्या जपानमध्ये येऊ. त्या वर्षीच्या जुलैत निन्टेन्डोने 'फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र बाजारात आणले. त्याचे चित्र २५६ × २४० पिक्सेलचे होते. पार्श्वभूमी ८ × ८ पिक्सेलच्या फरश्या जोडून तयार होई. हलणाऱ्या आकृतींना, म्हणजे स्प्राइटांना, प्रत्येकी तीनच रंग मिळत. पडद्यावर एका वेळी ६४ स्प्राइट मावत, पण एका आडव्या रेषेवर आठच. मुख्य प्रोसेसरसाठी कामचलाऊ स्मृती अवघी २ किलोबाइट होती. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला याच्या हजारपट जागा सहज लागते.

५/२७
या मर्यादांनी चित्रभाषा घडवली. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच आहे. फक्त रंगसंच बदललेला. संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा असल्याने दुसऱ्या आकाराची चैन परवडणारी नव्हती. खुद्द मारिओची मिशी हीसुद्धा १९८१ च्या 'डाँकी काँग' खेळातील अडचणीतून उगवली. इवल्याशा चेहऱ्यावर तोंड दाखवणे कठीण, म्हणून मोठे नाक आणि मिशी आली. केस हलवून दाखवणे कठीण, म्हणून टोपी आली. हात धडापासून वेगळे दिसावेत, म्हणून वेगळ्या रंगाचा पोशाख आला. शिगेरू मियामोतो यांनी ही कारणे पुढे अनेकदा सांगितली आहेत.

६/२७
एका रेषेवर नववा स्प्राइट आला की यंत्र तो काढतच नसे. मग शत्रू अचानक अदृश्य व्हायचा. त्यावर प्रोग्रामरांनी तोडगा शोधला : प्रत्येक चौकटीत स्प्राइटांचा क्रम बदलायचा, म्हणजे वगळला जाणारा स्प्राइट दर वेळी निराळा असेल. त्यामुळे सगळ्याच आकृती लुकलुकत, पण कोणतीही पूर्ण नाहीशी होत नसे. लुकलुकणे हा दोष होता आणि तो मोठ्या दोषावरचा उतारा म्हणून स्वीकारलेला होता. त्या काळच्या कारागिरांचे सारे कसब अशा मर्यादा झाकण्यात खर्च झाले, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावे.

७/२७
चित्राचा अर्धा भाग यंत्रात होता, उरलेला अर्धा टीव्हीत. काचेच्या नळीच्या टीव्हीवर, म्हणजे सीआरटीवर, पिक्सेल नावाची स्वच्छ चौकट नव्हतीच. इलेक्ट्रॉनांचा झोत आडव्या रेषा ओढत जाई, त्याने फॉस्फरचे ठिपके उजळत आणि शेजारचे रंग एकमेकांत मिसळत. फॅमिकॉमचे २५६ पिक्सेल टीव्हीची रुंदी भरण्यासाठी थोडे ताणलेही जात. म्हणजे पडद्यावरचा पिक्सेल उंचीपेक्षा किंचित रुंद असे. शिवाय मूळ फॅमिकॉम टीव्हीच्या अँटेनाच्या वाटेनेच जोडता येत असे. धारदार चौकोन त्या काळी आलेख-कागदावर होते. प्रेक्षकाच्या डोळ्यांपर्यंत ते क्वचितच पोहोचत.

८/२७
चित्रकारांनी ही धूसरता हिशेबात धरली होती. १९९१ च्या 'सॉनिक' खेळातील पहिल्याच टप्प्यात धबधबे आहेत. मूळ चित्रात ते एकाआड एक उभ्या पट्ट्यांचे बनले आहेत. सेगाच्या यंत्राला अर्धपारदर्शक रंग सहज दाखवता येत नसे. मात्र साध्या व्हिडिओ केबलमधून जाताना या पट्ट्या एकमेकींत विरघळत आणि पाण्याआडचा खडक दिसू लागे. १९९७ च्या 'कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट'मधील ड्रॅक्युलाच्या मुखचित्राचेही तसेच. सपाट पडद्यावर त्याच्या डोळ्यांत लाल ठिपके तेवढे दिसतात. सीआरटीवर तेच ठिपके पसरून निखाऱ्यासारखी नजर तयार होते.

९/२७
मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर वाचताना जे घडते, त्याच्याशी याची तुलना करता येईल. अक्षर न् अक्षर बरोबर उतरते. पण बोरूचा ओघ, घाईत ओढलेली रेघ, समासात नंतर घातलेली ओळ, कागदाचा पोत हे सारे मागे राहते. जुन्या खेळाची चित्रे आजच्या पडद्यावर जशीच्या तशी दाखवली, तर तेही एक लिप्यंतरच ठरते. त्यातील माहिती खरी असते, अनुभव मात्र निराळा असतो. रेट्रो म्हणून मिरवणारे कोरीव, धारदार चौकोन हे बव्हंशी अशा लिप्यंतरावरूनच शिकलेले आहेत.

१०/२७
मूळ अनुभव तरी एकच होता का? युरोपात टीव्ही सेकंदाला ५० वेळा चित्र ताजे करी, जपान-अमेरिकेत ६० वेळा; त्यामुळे अनेक खेळ युरोपात संथ चालत. भारतात १९९० च्या दशकात बहुतेक मुलांच्या हाती खरे फॅमिकॉम आलेच नाही. आले ते त्याच्या नकलांचे स्वस्त यंत्र आणि 'लाखो खेळ' असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेट. त्या लाखांत मोजकेच खेळ पुन्हा पुन्हा येत. मुंबई-पुण्यातील किंवा तालुक्याच्या गावातील मुलाने पाहिलेला मारिओ हा त्या नकली यंत्राचा आणि घरच्या टीव्हीचा मारिओ होता. संहिताशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे पाठभेद आहेत आणि प्रत्येक पाठाला त्याचा वाचकवर्ग लाभला आहे.

११/२७
आता आजच्या कार्यशाळेत जाऊ. युनिटी, अनरिअल किंवा मुक्तस्रोत गोडो यांसारख्या गेम इंजिनात रेट्रो दृश्याची पहिली पायरी म्हणजे लहान चित्रफलक. सामान्यतः इंजिन थेट पडद्याच्या आकाराचे चित्र काढते. इथे त्याला आधी, उदाहरणार्थ, ३२० × १८० पिक्सेलचे चित्र स्मृतीत काढायला सांगतात आणि मग ते पडद्याएवढे मोठे करतात. मोठे करताना इंजिन स्वभावतः शेजारच्या रंगांची सरासरी काढून कडा मऊ करते. ती सवय बंद करून 'जवळचा पिक्सेल जसाच्या तसा उचल' अशी आज्ञा द्यावी लागते.

१२/२७
३२० × १८० हाच आकार का? कारण त्याची सहापट म्हणजे १९२० × १०८० आणि बारापट म्हणजे ३८४० × २१६०. पट पूर्णांकात असेल तरच प्रत्येक जुना पिक्सेल नव्या पडद्यावर सारख्याच आकाराचा चौकोन होतो. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर हा हिशेब बिघडतो. तिथे चौपट करून १२८० × ७२० चे चित्र मधोमध ठेवावे आणि भोवती काळी किनार सोडावी, हा शिस्तीचा मार्ग. ताणून पडदा भरला, तर काही पिक्सेल चार एककांचे आणि काही पाचांचे होतात. मग पात्र चालू लागले की त्याचा चेहरा पावलागणिक बदलल्यासारखा दिसतो.

१३/२७
दुसरी अडचण हालचालीची. जुन्या यंत्रात स्प्राइट पूर्ण पिक्सेलांतच सरके. अर्ध्या पिक्सेलवर उभे राहणे त्याला ठाऊकच नव्हते. आजच्या इंजिनात स्थान दशांशात मोजले जाते आणि आकृती कोणत्याही कोनात फिरवता येते. लहान फलक न वापरता नुसती मोठी केलेली पिक्सेल-चित्रे पडद्यावर ठेवली, तर तिरके चौकोन, लहान-मोठे चौकोन अशी खिचडी होते आणि जाणकार प्रेक्षक लगेच नाक मुरडतो. कॅमेरा जाळीला चिकटवला की ती अडचण सुटते, पण संथ हालचालीत चित्र अडखळू लागते. म्हणून काही जण कॅमेरा जाळीवर ठेवतात आणि उरलेला अपूर्णांक मोठे केलेले चित्र सरकवून भरून काढतात.

१४/२७
मग रंगांची काटछाट. मोजक्या रंगांतून मधल्या छटांचा भास निर्माण करण्याच्या युक्तीला डिदरिंग म्हणतात. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली पाहिले की काळे ठिपके दिसतात आणि दूर धरले की राखाडी छटा, तत्त्व तेच. १९७३ मध्ये ब्राइस बेयर यांनी त्यासाठी आकड्यांची एक ठरावीक जाळी मांडली. प्रत्येक पिक्सेलची उजळता जाळीतील आपापल्या आकड्याशी ताडून पाहायची; जास्त असेल तर उजळ रंग, कमी असेल तर गडद. ४ × ४ च्या जाळीत असे सोळा उंबरठे मिळतात. ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला शेडर म्हणतात. हे काम तिथे चार-पाच ओळींत होते.

१५/२७
इथवर सपाट खेळांचे युग झाले. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये सोनीचे प्लेस्टेशन आले आणि घरगुती खेळ त्रिमिती जगात शिरले. यंत्राची मुख्य स्मृती २ मेगाबाइट, चित्रासाठीची स्मृती १ मेगाबाइट. चित्र बहुधा ३२० × २४० च्या आसपास. त्रिकोण जोडून उभे केलेले जग आणि त्यावर चिकटवलेली लहान लहान चित्रे, म्हणजे टेक्स्चर. आज 'लो-पॉली' नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेट्रो शैलीचा मुख्य आदर्श हेच यंत्र आहे आणि तिच्या तिन्ही ठळक खुणा त्याच्या रचनेतून आलेल्या आहेत : थरथर, वळवळ आणि कणीदार रंग.

१६/२७
थरथर कशामुळे? त्रिकोणाचे शिरोबिंदू पडद्यावर कुठे पडतात याचे गणित झाल्यावर प्लेस्टेशनचा चित्रविभाग त्यांची स्थाने पूर्णांकातच स्वीकारी. १०.४ आणि १०.०, दोन्ही त्याच्या लेखी १०. कॅमेरा हळू सरकला की प्रत्येक बिंदू आपल्या जागी थबके आणि मग एकदम पुढच्या पिक्सेलवर उडी मारी. सगळ्या बिंदूंच्या उड्या एकाच क्षणी होत नसत, त्यामुळे स्थिर भिंतही पाण्यावर तरंगल्यासारखी हाले. त्यातच कोणता पृष्ठभाग पुढे आणि कोणता मागे याची पिक्सेलवार नोंद ठेवण्याची सोय नव्हती. त्रिकोण अंतरानुसार रांगेत लावून मागून पुढे काढले जात आणि रांग चुकली की मागचे पुढे येई.

१७/२७
वळवळीचे कारण भागाकार. दूर जाणाऱ्या फरशीवर टेक्स्चर बरोबर बसवायचे, तर प्रत्येक पिक्सेलला त्याच्या खोलीने भागावे लागते. तरच दूरच्या फरश्या लहान आणि जवळच्या मोठ्या दिसतात. भागाकार महाग, म्हणून प्लेस्टेशन तो करीत नसे. टेक्स्चर पडद्यावरच्या अंतरानुसार सरळसोट पसरले जाई. परिणामी मोठ्या त्रिकोणांवरच्या सरळ रेषा वाकत आणि चौकोनाच्या कर्णावर मोडत. तिसरी खूण कणीदार रंगांची. प्रत्येक मूळ रंगाच्या ३२ पातळ्याच साठवता येत, म्हणून यंत्र स्वतःच डिदरिंग करी.

१८/२७
तत्कालीन कारागिरांनी यांपैकी एकही खूण मिरवली नाही. टेक्स्चर वाकू नये म्हणून ते जवळचे मोठे त्रिकोण लहान तुकड्यांत फोडत. १९९६ च्या 'क्रॅश बँडिकूट'मध्ये नायकाच्या अंगावर टेक्स्चर जवळजवळ नाहीच. नुसते रंगवलेले त्रिकोण आहेत, त्यामुळे वाकण्याचा प्रश्नच उरला नाही. १९९९ च्या 'सायलेंट हिल'ने दूरचे जग काढण्याची यंत्राची असमर्थता धुके आणि अंधार यांत लपवली. ते धुके इतके परिणामकारक ठरले की पुढे समर्थ यंत्रे आली तरी ते त्या मालिकेची ओळख बनून राहिले. लपवण्यासाठी ओढलेला पडदाच नाटकाचा मुख्य देखावा झाला.

१९/२७
आजच्या इंजिनात हे दोष आणण्याची रीत उलटी आहे. शिरोबिंदूंचे गणित करणाऱ्या शेडरमध्ये बिंदूचे पडद्यावरचे स्थान काढतात, ते जाडसर जाळीच्या जवळच्या छेदावर बसवतात आणि मगच पुढे पाठवतात. झाली थरथर. टेक्स्चरसाठीचा भागाकार तर आजचे ग्राफिक्स कार्ड न सांगता करते. म्हणून टेक्स्चरचे निर्देशांक आधी खोलीने गुणून द्यावे लागतात आणि पुढच्या टप्प्यावर पुन्हा भागून घ्यावे लागतात, म्हणजे कार्डाने केलेली दुरुस्ती फुकट जाते. जो भागाकार वाचवण्यासाठी १९९४ मध्ये चूक पत्करली, तीच चूक मिळवण्यासाठी आज एक जादा भागाकार खर्च होतो.

२०/२७
याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. मूळ प्लेस्टेशनचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या काही एम्युलेटरांत 'पीजीएक्सपी' नावाची सोय असते. ती शिरोबिंदूंची अचूक स्थाने लक्षात ठेवून थरथर आणि वळवळ दोन्ही दुरुस्त करते. म्हणजे १९९७ चा अस्सल खेळ आज निष्कंप, धारदार दिसू शकतो आणि त्याच्या शेजारी कालपरवा तयार झालेला खेळ थरथरत असतो. दोन्ही चित्रे एखाद्या तरुण अभ्यासकासमोर नावाशिवाय ठेवली, तर जुना खेळ कोणता हे ओळखताना तो चकण्याचा संभव मोठा आहे.

२१/२७
यंत्रागणिक दोषही निराळे होते, हे अनुकरणात अनेकदा विसरले जाते. १९९६ चे 'निन्टेन्डो ६४' टेक्स्चर बरोबर बसवी आणि मऊही करी. पण टेक्स्चरसाठी तात्पुरती जागा अवघी ४ किलोबाइट, त्यामुळे त्याचे जग पुसट दिसे. प्लेस्टेशनची थरथर आणि निन्टेन्डोचा पुसटपणा कोणत्याही एका खऱ्या यंत्रात एकत्र नांदले नाहीत. आजच्या खेळांत मात्र ते सुखाने एकत्र असतात. बखरीत दोन वेगळ्या स्वाऱ्यांचे प्रसंग एकाच स्वारीत गुंफले जावेत, तसाच हा प्रकार.

२२/२७
तरीही बखरकाराच्या निवडीकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. २०१४ चा 'शॉव्हेल नाइट' हा खेळ प्रथमदर्शनी फॅमिकॉमचाच वाटतो. त्याच्या कर्त्यांनी कुठे नियम पाळले आणि कुठे मोडले, हे स्वतःच सविस्तर लिहून ठेवले आहे. मूळ यंत्रात नसलेले काही रंग घेतले, पडदा रुंद केला, पार्श्वभूमीचे थर वेगवेगळ्या गतीने सरकवले आणि स्प्राइटांचे लुकलुकणे काढून टाकले. त्यांचे उद्दिष्ट यंत्राची प्रतिकृती हे नव्हतेच. त्या खेळांची लोकांच्या मनात जी आठवण उरली आहे तिची प्रतिकृती त्यांना हवी होती. आठवणीत मारिओ कधी लुकलुकत नाही.

२३/२७
२०१८ चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हा इतिहासप्रेमींनी आवर्जून पाहावा असा खेळ. १८०७ साली एक बेपत्ता व्यापारी जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याला लागते आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक त्यावरील साठ जणांचे काय झाले हे तुटपुंज्या पुराव्यांवरून ठरवतो. लुकास पोप यांनी तो युनिटी इंजिनात रचला. आदर्श मात्र सुरुवातीच्या मॅकिंटॉशच्या दोन रंगी पडद्याचा. त्रिमिती जगात फिरताना डिदरिंगचे ठिपके पडद्याला चिकटून राहात आणि दृश्य त्यांखालून वाहात जाई, डोळे थकत. पोप यांनी ठिपक्यांची जाळी कॅमेऱ्याभोवतीच्या काल्पनिक गोलावर बसवली. मान वळवली की ठिपकेही दृश्याबरोबर वळू लागले. खुद्द त्या मॅकिंटॉशला हे झेपले नसते.

२४/२७
बाकीची उदाहरणे थोडक्यात. 'डेड सेल्स'मधील पात्रे आधी त्रिमितीत घडवली गेली आणि त्यांची लहान, धारदार पिक्सेल-चित्रे नंतर काढली गेली. अनरिअल इंजिनावरील 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'ने चौकोनी पात्रे आधुनिक प्रकाशात आणि कॅमेऱ्याच्या धूसर पार्श्वभूमीत उभी केली. 'अ शॉर्ट हाइक'मध्ये तर पिक्सेल किती मोठा असावा हे खेळणाराच ठरवू शकतो. भयकथांच्या प्रांतात प्लेस्टेशनची शैली विशेष रुजली. २०२० मध्ये 'हॉन्टेड पीएस वन' या समूहाने अशा खेळांचा एक संच प्रसिद्ध केला. अंधाऱ्या बोळाच्या टोकाशी दहा पिक्सेलचे काहीतरी उभे असते तेव्हा ते नेमके काय, हे पाहणाऱ्याची भीतीच ठरवते.

२५/२७
सीआरटीचा परिणामही शेडरने घडवता येतो. आडव्या रेषांमध्ये अंधार सोडायचा, लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची जाळी चढवायची, उजळ भागाभोवती तेज पसरवायचे, पडद्याला किंचित फुगवटा द्यायचा. हलगर्जीपणे केला तर हा परिणाम काळ्या पट्ट्यांच्या जाळीदार पडद्यासारखा दिसतो. नीट केला तर सॉनिकचा धबधबा पुन्हा पारदर्शक होतो. मात्र त्यासाठी शेडर लिहिणाऱ्याने खरा सीआरटी निरखलेला असावा लागतो. मोठ्या उत्पादकांनी त्या नळ्या बनवणे केव्हाच थांबवले आहे आणि उरलेल्या नळ्या वर्षागणिक मंद होत आहेत.

२६/२७
प्रश्न इथे गंभीर होतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. अस्सल कागद असे दुर्मीळ झाले की नव्या पिढीसमोर बखरीच उरतात. ज्याने खरे प्लेस्टेशन कधी पाहिलेच नाही, असा तरुण आज प्लेस्टेशन-शैलीचा खेळ रचतो. त्याचा आदर्श असतो दुसरा रेट्रो खेळ. नकलेची नक्कल होत गेली की धारदार चौकोन, अतिरेकी थरथर आणि सरसकट धुके हेच 'जुने' ठरते. कलाकारांनी ज्या दोषांशी झुंज दिली, ते दोषच त्यांच्या नावावर जमा होतात आणि ती झुंज विस्मरणात जाते.

२७/२७
म्हणून बखर टाकून द्यावी असे कोणी म्हणणार नाही. सभासदाची बखर शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे दीड दशकाने जिंजीत लिहिली गेली, तरी तिच्याविना त्या काळाचा अभ्यास होत नाही. लिहिणाऱ्यांना आपला राजा कसा आठवत होता, हे तीच सांगते. रेट्रो खेळही असाच वाचावा. १९८५ किंवा १९९७ मध्ये पडद्यावर काय होते याचा तो कमकुवत पुरावा आहे. आजच्या पिढीला त्या काळातून काय राखावेसे वाटले, याचा मात्र पक्का पुरावा आहे. कोणाच्या माळ्यावर जुने यंत्र आणि काचेच्या नळीचा टीव्ही अजून चालू स्थितीत असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी त्याच्या चालत्या पडद्याचे एक छायाचित्र, यंत्राचे नाव आणि तारीख लिहून, जपून ठेवावे. उद्याच्या अभ्यासकासाठी तोच अस्सल कागद असेल.